विश्लेषण : जेसीबी बोलावण्याआधी माती कुठे जाणार ते ठरवा

दिवाळी उलटली की गावोगावी आणि शहरांच्या कडेला एक दृश्य सारखे दिसू लागते. कोणी वडिलोपार्जित घरामागचा उतार सपाट करून घेत असतो, कोणी चार गुंठ्यांच्या प्लॉटवर बाग आखत असतो, तर कोणी शोषखड्डा, पाण्याची टाकी किंवा कुंपणाचा चर खणून घेत असतो. पूर्वी या कामांना आठ-दहा मजूर आणि दोन आठवडे लागत. आता एक फोन केला की तासाच्या भाड्याने यंत्र दारात येते आणि दुपारच्या जेवणाआधी काम उरकून निघून जाते.

यंत्र दारात आले की चालकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘मालक, माती कुठे टाकू?’ बहुतेक मालकांनी त्याचा विचारच केलेला नसतो. तासाचा काटा फिरत असतो, चालकाला पुढच्या कामावर जायचे असते. मग ‘टाक तिकडे कडेला’ असे उत्तर जाते. पुढच्या पावसाळ्यातली भांडणे, वाहून गेलेली सुपीक माती आणि तलाठ्याची नोटीस यांची सुरुवात बरेचदा याच उत्तरातून होते. यंत्र भाड्याने घेणे सोपे आणि स्वस्त झाले आहे. त्यामुळेच त्याआधीची तयारी टाळली जाते आणि पैसा तिथेच वाया जातो.

भाड्याने नेमके काय मिळते?

‘जेसीबी’ हे मुळात एका ब्रिटिश कंपनीचे नाव. संस्थापक जोसेफ सिरिल बॅमफर्ड यांच्या नावाची ती आद्याक्षरे. तसेच ‘पोकलेन’ हे एका फ्रेंच कंपनीचे नाव. आपल्याकडे दोन्ही नावे यंत्राचीच झाली. पुढे मोठी बकेट आणि मागे खोदण्याचा दांडा असलेल्या चार चाकी यंत्राला लोक जेसीबी म्हणतात, तर साखळीपट्ट्यांवर चालणाऱ्या आणि गोल फिरणाऱ्या यंत्राला पोकलेन.

नेहमीचा जेसीबी साधारण साडेसात-आठ टनांचा असतो. पुढच्या बकेटमध्ये सुमारे एक घनमीटर माती मावते. मागचा दांडा पंधरा फुटांच्या आसपास खोल जाऊ शकतो. शंभर-दोनशे फुटांचा चर, शोषखड्डा, दगड हलवणे किंवा एका टोकाची माती दुसऱ्या टोकाला नेणे यांसाठी तो चांगला. मात्र त्याला वळायला जागा लागते. दहा फुटांच्या बोळातून नेऊन परसातली नारळाची झाडे सांभाळत काम करणे त्याला जमत नाही. अशा जागी दीड ते साडेतीन टनांचे छोटे एक्स्कॅव्हेटर योग्य. शहरांच्या आसपास ते आता मिळू लागले आहेत. नुसते सपाटीकरण करायचे असेल आणि जमीन भुसभुशीत असेल, तर ट्रॅक्टरला लावलेले लेव्हलर पातेही पुरते आणि ते स्वस्त पडते.

मोठे यंत्र म्हणजे काम लवकर, असा समज आहे. अंगणाच्या कामात तो अनेकदा चुकीचा ठरतो. आठ टनांचे यंत्र ओल्या काळ्या मातीवर चार वेळा मागे-पुढे झाले, की खालची माती दाबून घट्ट होते. तिथे पाणी मुरत नाही आणि लावलेली रोपे वाढत नाहीत. शेतकरी वाफसा आल्याशिवाय नांगर घालत नाही. यंत्रालाही तोच नियम लावायला हवा.

‘एक तास’ कुठून कुठपर्यंत?

तासाचा दर तालुक्यानुसार, डिझेलच्या भावानुसार आणि जमीन मातीची की दगडाची यानुसार बदलतो. आता बहुतेक ठिकाणी तो हजार रुपयांच्या पुढे आहे. त्यात चालक आणि डिझेल धरलेले असते. वाद होतो तो दरावरून नाही, तासाच्या मोजणीवरून.

तास यंत्र निघाल्यापासून धरायचा की दारात पोहोचल्यापासून? किमान किती तासांचे भाडे द्यावे लागेल? खडक लागला आणि ब्रेकर लावावा लागला तर दर किती? चालक जेवायला बसला, डिझेल भरायला गेला किंवा पाइप फुटून यंत्र थांबले, तर तो वेळ कोणाचा? या चार प्रश्नांची उत्तरे यंत्र निघण्यापूर्वी, मोबाइलवर लिहून पाठवलेल्या संदेशात का होईना, ठरलेली असावीत. यंत्रात तासांचा मीटर असतो. काम सुरू होताना आणि संपताना त्याचा फोटो काढला, की अर्धा वाद तिथेच मिटतो.

काम नीट मोजता येत असेल, जसे साठ फूट लांब, दोन फूट रुंद आणि तीन फूट खोल चर, तर ठोक रक्कम ठरवणे मालकाच्या फायद्याचे. जमिनीत काय निघेल याचा अंदाज नसेल, तर तासाचा दर दोघांनाही न्याय्य. ठोक कामात चालक घाई करतो आणि तासाच्या कामात रेंगाळतो, ही तक्रार दोन्हीकडून ऐकू येते. त्यावर एकच इलाज आहे. कामावेळी मालकाने किंवा घरातल्या जाणत्या माणसाने जागेवर उभे राहायचे.

आणखी एक कागद पाहायला हवा, तो म्हणजे यंत्राची आरटीओ नोंदणी आणि विमा. शेजाऱ्याची भिंत पडली किंवा कोणी जखमी झाले, तर भरपाईचा प्रश्न याच कागदावर येऊन थांबतो. हा कागद मागायला लोकांना संकोच वाटतो. रिक्षात बसताना चालेल, पण आठ टनांचे यंत्र घराला खेटून चालणार असेल तर तो संकोच महागात पडू शकतो.

माती किती हलवायची, हे आधी कळते का?

कळते. त्याला शाळेतले गणित पुरते. एक गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, म्हणजे १,०८९ चौरस फूट. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. म्हणजे एका गुंठ्यावर एक फूट भराव घालायला जवळपास ११ ब्रास माल लागतो. हा दाबून बसलेल्या भरावाचा आकडा आहे. सुटा मुरूम दाबल्यावर बसतो, म्हणून मागवताना पाचवा हिस्सा तरी जास्त धरावा लागतो.

समजा, त्याच एका गुंठ्याला एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत तीन फुटांचा उतार आहे. खालची बाजू वरच्या पातळीपर्यंत उचलायची म्हटले, तर साधारण १६ ब्रास भराव बाहेरून आणावा लागेल. त्याऐवजी वरची दीड फूट माती काढून खालच्या बाजूला टाकली, तर जमीन मधल्या पातळीवर सपाट होते, हलवावी लागते फक्त चार ब्रास आणि बाहेरून काहीच आणावे लागत नाही. आणखी पुढे जाऊन मध्ये दीड फुटाचा दगडी कठडा घालून दोन टप्पे केले, तर हलवायची माती दोन ब्रासवर येते. बागेला दोन टप्पे शोभूनही दिसतात.

जमीन तीच, मालक तोच. फरक आहे तो दोरी, पाणपातळीची नळी आणि संध्याकाळच्या तासाभराच्या मोजमापाचा. १६ ब्रास मुरमाच्या खेपा एकीकडे आणि जेसीबीचे एक-दोन तास दुसरीकडे, इतकी या तासाभराची किंमत आहे.

भराव घालायचाच असेल, तर तो एकदम ओतून वरून यंत्र फिरवणे चुकीचे आहे. सहा ते नऊ इंचांचे थर, प्रत्येक थरावर पाणी आणि दाब, अशा क्रमाने तो घालावा लागतो. नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात फरशी खचते आणि कुंपणाचे खांब कलतात.

स्वतःच्या जमिनीतल्या मातीला परवानगी कशाला?

हा प्रश्न सर्वाधिक विचारला जातो आणि त्याचे उत्तर दोन भागांत आहे. माती, मुरूम, दगड ही गौण खनिजे आहेत. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४८ प्रमाणे विनापरवाना उत्खनन किंवा वाहतूक केली, तर बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो आणि यंत्र व वाहन जप्त होऊ शकते. ते सोडवायला भरावी लागणारी रक्कम लाखांत जाते.

मात्र प्लॉट विकसित करताना निघालेली माती त्याच प्लॉटवर सपाटीकरणासाठी किंवा विकासाच्या कामासाठी वापरली, तर तिच्यावर स्वामित्वधन लागत नाही. पुण्यातील बांधकाम व्यावसायिकांच्या संघटनेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये निकाल दिला आणि त्यानंतर २०१५ मध्ये राज्याच्या नियमांत तशी तरतूद झाली.

म्हणजे रेषा जमिनीच्या हद्दीवर आहे. माती हद्दीच्या आत राहिली तर प्रश्न कमी. तीच माती ट्रॉलीत भरून मित्राच्या प्लॉटवर पाठवली किंवा विकली, तर परवानगी लागते. बाहेरून मुरूम आणतानाही हेच. २०२१ पासून स्वामित्वधनाचा दर ब्रासला ६०० रुपये आहे. पुरवठादाराने ते भरले आहे की नाही हे त्याच्याकडच्या वाहतूक परवान्यावरून कळते. राज्यात हे परवाने ‘महाखनिज’ या ऑनलाइन प्रणालीतून निघतात. ‘पावती नको, स्वस्तात देतो’ म्हणणाऱ्याचा मुरूम बहुधा कुठल्या तरी टेकडीच्या पोटातून रात्री निघालेला असतो.

झाडांचेही तसेच आहे. आंबा, फणस, चिंच, जांभूळ, साग यांसारखी झाडे ग्रामीण भागात १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीत आहेत. शहरात १९७५ चा वृक्षसंरक्षण कायदा लागू होतो. ‘यंत्र आलेच आहे तर तेही झाड काढून टाक’ हे वाक्य म्हणूनच धोक्याचे. शिवाय झाड न पाडताही मरते. फांद्यांचा घेर जमिनीवर जिथपर्यंत पडतो, तिथपर्यंत तरी मुळे असतात. त्या घेराच्या आत खोल चर काढला किंवा दोन फूट भराव घातला, तर जुना आंबा दोन-तीन वर्षांत वाळतो आणि त्याचे कारण कोणाच्या लक्षातही राहत नाही.

पाणी कोणाकडे जाणार?

पाणी प्लॉटची हद्द ओळखत नाही. एका मालकाने आपला तुकडा दोन फुटांनी उचलला, की वरच्या शेजाऱ्याचे पाणी अडते. खालच्या बाजूला मातीचा ढीग टाकला, की ओघळ वळतो आणि तिसऱ्याच्या घरात शिरतो. नैसर्गिक प्रवाह अडवून शेतीचे नुकसान झाल्यास तो अडथळा दूर करण्याचा आदेश तहसीलदार मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली देऊ शकतो. एकदा प्रकरण तिथे गेले, की जेसीबीचे भाडे ही सर्वात छोटी रक्कम उरते. हद्दीच्या दगडांना धक्का लागला तर मोजणीचा नवा वाद सुरू होतो तो वेगळाच.

डोंगरउतारावर हा प्रश्न जिवाचा होतो. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर दरड कोसळली आणि दीडशेहून अधिक माणसे गेली. अतिवृष्टी हे त्यामागचे कारण होतेच, पण उतारावर यंत्राने केलेल्या सपाटीकरणाचा त्यात किती वाटा, यावर त्यानंतर मोठी चर्चा झाली. त्या चर्चेचा निकाल काहीही मानला, तरी एक गोष्ट वादाची नाही. उताराचा पायथा उभा कापला, की वरच्या मातीचा आधार जातो. कोकणात आणि सह्याद्रीच्या पट्ट्यात घराला जागा करण्यासाठी मागची दरड उभी तासण्याची पद्धत वाढली आहे. अशा जागी यंत्राच्या आधी अभियंता बोलवावा, हा सल्ला खर्चिक वाटला तरी तो टाळण्यासारखा नाही.

आणि वरच्या मातीचे काय? जमिनीचा कस वरच्या अर्ध्या फुटात असतो. तो तयार व्हायला शतके लागतात. यंत्र मात्र पहिल्या दहा मिनिटांत तो थर खाली गाडून मुरूम वर आणते. नंतर मालक ट्रॉलीने लाल माती आणि शेणखत विकत आणतो. चालकाला सुरुवातीलाच ‘वरची माती आधी खरवडून बाजूला ढीग कर, शेवटी तीच वर पसर’ एवढे सांगितले, तर अर्धा तास जास्त लागतो आणि बाग वाचते.

धोका कुठे असतो?

वर, खाली आणि खड्ड्यात. उभा केलेला दांडा अंगणावरून जाणाऱ्या वीजतारेपर्यंत सहज पोहोचतो. चालकाचे लक्ष बकेटकडे असते, तारेकडे नाही. म्हणून तार असलेल्या जागी एका माणसाने फक्त तारेवर नजर ठेवून उभे राहायला हवे. तारेला स्पर्श झालाच, तर चालकाने केबिनमध्येच बसून राहावे, इतरांनी दहा मीटर दूर जावे आणि वीज बंद करण्यासाठी १९१२ वर कळवावे. घाईने खाली उतरताना एक पाय यंत्रावर आणि एक जमिनीवर असला, की त्या माणसातून वीज वाहते. यंत्राला आग लागली असेल तरच दोन्ही पाय जुळवून, यंत्राला हात न लावता उडी मारायची.

जमिनीखाली नळाची वाहिनी, वीजकेबल, इंटरनेटची केबल आणि काही शहरांत गॅसची नळी असते. अमेरिकेत अंगणात झाड लावण्यासाठी खोल खड्डा खणायचा असला, तरी आधी ८११ या क्रमांकावर कळवतात. संबंधित कंपन्यांची माणसे येऊन जमिनीवर रंगाने खुणा करून जातात. लाल म्हणजे वीज, पिवळा म्हणजे गॅस, निळा म्हणजे पाणी. यासाठी घरमालकाला पैसे पडत नाहीत. भारतात मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप आले. खोदणारी यंत्रणा आणि वाहिन्यांचे मालक यांची गाठ घालून देणे हा त्याचा हेतू. गल्लीतल्या घरमालकापर्यंत मात्र ते अजून पोहोचलेले नाही.

खड्ड्याला लोक कमी लेखतात. एक घनमीटर मातीचे वजन दीड टनाच्या आसपास, म्हणजे एखाद्या मोटारीएवढे असते. पाच फुटांहून खोल, उभ्या भिंतींच्या खड्ड्यात माणूस उतरला आणि कड कोसळली, तर छातीपर्यंतची मातीही श्वास बंद करायला पुरते. शोषखड्ड्यात ‘दोन मिनिटे उतरून साफ कर’ असे कोणालाही सांगू नये. काढलेली माती कडेला लागून टाकू नये. रात्री खड्डा उघडा राहणार असेल, तर त्याभोवती कठडा हवाच.

स्वतः यंत्र चालवावे का?

अमेरिकेत घरमालक दुकानातून छोटे एक्स्कॅव्हेटर ट्रेलरवर घेऊन येतो आणि शनिवार-रविवारी स्वतः चालवतो. न्यू जर्सी किंवा टेक्सासमध्ये स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही हे नवे नाही. आपल्याकडे यंत्र चालकासहच मिळते आणि ते बरेच आहे. चांगला चालक बकेटच्या दातांनी केबलच्या वरची माती अलगद उचलतो. ते कौशल्य एका व्हिडीओतून येत नाही. मात्र ‘स्वतः करणे’ याचा अर्थ दांडा ओढणे एवढाच नाही. मोजमाप, आखणी, मातीचा हिशेब, शेजाऱ्याशी बोलणे ही कामे मालकाचीच. चालक ती करू शकत नाही आणि त्याने ती करावी अशी अपेक्षाही चुकीची.

मग यंत्र नकोच का?

तसे म्हणणे प्रामाणिक होणार नाही. खोदकामाला मजूर मिळत नाहीत आणि उन्हात पहार चालवण्याचे कष्ट कोणी करावेत, असा आग्रह धरण्यात अर्थ नाही. गावात एकट्या राहणाऱ्या वयस्कर जोडप्यालाही यंत्रामुळेच शोषखड्डा परवडतो. प्रश्न असा आहे की एवढी ताकद तासाच्या भाड्याने मिळत असताना तिच्याभोवती साधी व्यवस्थाही उभी राहिलेली नाही.

ती उभी करणे फार खर्चाचे नाही. शेती यांत्रिकीकरणात गट आणि कंपन्यांच्या अवजार बँकांतून ट्रॅक्टर, रोटाव्हेटर भाड्याने मिळतात. त्यात छोट्या एक्स्कॅव्हेटरची भर पडायला हवी. ग्रामपंचायतीने आपल्या हद्दीतल्या पाणीवाहिन्यांचा आणि ओढ्या-ओघळींचा साधा नकाशा कार्यालयात लावावा. यंत्रमालकांनी दर, किमान तास आणि विमा यांची एक छापील चिठ्ठी ठेवावी. आणि अंगणातल्या सपाटीकरणाला काय लागते व काय लागत नाही, हे तहसील कार्यालयाने एका पानावर मराठीत लिहून दाराशी लावावे. आज ती माहिती नसल्यामुळे प्रामाणिक माणूस घाबरतो आणि टेकडी पोखरणारा निर्धास्त असतो.

तोपर्यंत मालकाच्या हातात आदली संध्याकाळ आहे. दोरी लावावी, चुन्याने रेषा मारावी, वरच्या मातीचा ढीग कुठे आणि खालच्या मातीचा कुठे तिथे खुंट्या ठोकाव्यात. वरच्या आणि खालच्या शेजाऱ्याला एकदा बोलावून दाखवावे. काम मे महिन्याच्या अखेरीपर्यंत संपेल असे पाहावे आणि मोकळ्या उतारावर पहिल्या पावसाबरोबर गवत किंवा वाळा लावावा. मग सकाळी चालकाने ‘मालक, माती कुठे टाकू?’ असे विचारले, की खुंटीकडे बोट दाखवता येते.